भावाच्या गावात भाड्याची गाडी

नवरा रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या महिन्यात धाकट्या लेकाचा पुण्याहून फोन आला. "आई, तुमची दोघांची तिकिटं काढलीत. कोल्हापूर ते बंगळूर, बंगळूर ते तिरुवनंतपुरम. तिथनं जवळच कोवळम. समुद्राकाठचं हॉटेल, पाच दिवस. नाही म्हणायचं नाही." मी नाही म्हणणारच नव्हते. तीस वर्षं मी दूध संघाच्या ऑफिसात फोन घेतले आणि नवऱ्यानं कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीचा धुरळा खाल्ला. समुद्र आम्ही एकदाच पाहिलेला, तोही देवदर्शनाच्या गडबडीत, चपला हातात घेऊन पाच मिनिटं.

"विमानतळावरनं हॉटेलपर्यंत गाडी तेवढी ठरवायची राहिलीय. मी ठरवू?" लेकानं विचारलं.

"तू कशाला? गाड्या मागवण्यात माझा जन्म गेला," मी म्हणाले.

खोटं नाही सांगत. दूध संघात माझ्याकडं टँकरचं काम होतं. कुठला टँकर किती वाजता सुटला, कुठं पोचला, का थांबला, ड्रायव्हर जेवायला कुठं बसलाय, सगळी खबर मी टेबलावर बसून ठेवायची. दूध काही कुणासाठी थांबत नाही, नासतं. त्यामुळं माझा फोन आला की ड्रायव्हर ताटावरनं उठायचे असं म्हणतात. ते खरं असो नसो, बिद्रीच्या बाजूचा टँकर माझ्या काळात कधी दहा मिनिटांच्या वर उशीर करून आला नाही.

नवरा पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न घेताच तो म्हणाला, "तिरुवनंतपुरमला तुझा भाऊ हाय की."

"असू दे."

"त्याच्याकडं गाडी बी हाय."

"असू दे म्हटलं न्हवं?"

पेपर आणखी थोडा वर गेला. पेपराच्या मागं तो हसत होता, हे मला पेपर हलत होता त्यावरनं कळलं.

भाऊ माझा सख्खा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याची सासुरवाडी खानापूर भागातली. तिकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याच्या कामात. त्यासाठी ती थेट केरळ-तमिळनाडूपर्यंत पांगलेली. मेव्हण्यानं ह्यालाही ओढून नेलं, त्याला आता वीस वर्षं झाली. आणि गेली तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरलीचं लग्न झालं. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजींनी माईकवरनं पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी येईना. पुन्हा पुकारलं. कुणीच येईना. तिसऱ्यांदा पुकारल्यावर सगळा हॉल माझ्याकडं वळून बघायला लागला. आदल्या रात्री फोनवर "बघतो, जमंल तसं" एवढंच म्हणालेला माझा भाऊ आलाच नव्हता. शेवटी माझ्या मावसभावाला पुढं ढकलला. त्याच्या हातात वाटी होती मठ्ठ्याची. ती बिचाऱ्यानं खुर्चीवर ठेवली आणि मिशी पुसत मामा झाला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "आक्का, दुकानात काम निघालं." मी म्हणाले, "तुझं दुकान तुला लखलाभ," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानंही केला नाही आणि मीही केला नाही.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. पण आमच्याकडं लग्न झालेली लेक सोताहून उठून माहेरी जात नाही. पंचमीला, दिवाळीला माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. माझं सासर कुरुंदवाडचं. भाऊ चौदा वर्षांचा असल्यापासनं मुराळी म्हणून यायचा, दोन एसट्या बदलून. एका पंचमीला कृष्णेला पाणी चढलं, रस्ता बंद झाला, मी आशा सोडली. तर हा दुपारी दारात! नावेतनं आला होता. पँट गुडघ्यापर्यंत वर आणि पिशवीतले लाडू भिजून लगदा झालेले. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला म्हणायचा भाऊ." असला भाऊ विमान, रेल्वे, रस्ते सगळं धडधाकट असताना भाचीच्या लग्नाला येत नाही म्हणजे काय? माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

तर ठरवलं. त्याच्या गावाला जायचं, पण त्याला सांगायचं नाही. विमानतळावरनं थेट हॉटेल, हॉटेलातनं थेट विमानतळ. नंतर कधीतरी कुणाच्या तरी तोंडनं त्याला कळावं, आक्का येऊन गेली, पाच दिवस राहून गेली, आणि तुझ्या दाराकडं फिरकली नाही. मग बसेल हात चोळत.

लेकानं एका गाडीवाल्या कंपनीची वेबसाइट पाठवली. मी चष्मा लावला आणि फॉर्म भरायला बसले. माणसं किती? दोन. बॅगा किती? दोन. लहान मुलाची खुर्ची हवी का? "मला पायजे म्हणून लिही," नवरा म्हणाला. पाटीवर कुणाचं नाव लिहायचं, विमान कुठलं, किती वाजता उतरणार, सगळं भरलं. आणि शेवटी एक लाल चौकोन: तिथल्या ओळखीच्या माणसाचा फोन नंबर. तो भरल्याशिवाय गाडी पुढं सरकेना. मी त्यात माझाच नंबर टाकला. चालेना. नवऱ्याचा टाकला. तोही चालेना, म्हणे तो प्रवाशाचा आहे.

मग मी फोन लावला. फोनवर ऑफिस चालवणं हा माझा प्रांत.

"देखो भाऊ," मी म्हणाले, "हमारा उधर कोई नहीं है. वो लाल चौकोन निकाल डालो."

"मॅडम, लोकल कॉन्टॅक्ट मस्ट है," पलीकडचा माणूस म्हणाला. "फ्लाइट लेट हो गया, आपका फोन बंद हो गया, तो ड्रायव्हर किसको पूछेगा?"

आता काय बोलणार? हाच प्रश्न मी तीस वर्षं टँकरवाल्यांना विचारत आले. तुझा फोन बंद पडला तर मी कुणाला विचारू, घरचा नंबर दे, नाहीतर चावी ठेव. माझाच नियम माझ्याच पाठीत बसला. मी "ठीक है" म्हणाले आणि फोन ठेवला.

"टाक की त्याचा," नवरा म्हणाला. ह्या वेळी पेपर खाली होता.

भावाचा नंबर मी मोबाइलमधनं कधीच काढून टाकला होता. पण नंबर पाठ, त्याला काय करणार? टाकला. आणि खोटं कशाला बोलू? कंपनीकडनं त्याला मेसेज जावा असं मला वाटत होतं. आणि आपण काही त्याला कळवलेलं नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणताही यावं, असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं. बाईमाणसाला असं वाटू शकतं, पुरुषांनाही वाटत असेल, ते कबूल करत नाहीत एवढंच.

निघायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत फोन वाजला की मी स्वयंपाकघरातनं पळत यायचे. बँकेचा यायचा, गॅसवाल्याचा यायचा, एकदा तर कुणी तरी मला कर्ज हवंय का विचारलं, त्याला मी इतकं बोलले की तो सॉरी म्हणाला. भावाचा काही आला नाही. मेसेज गेला असणार, त्यानं वाचला असणार, आणि हूं की चूं नाही. बरं झालं, मी म्हणाले. माणूस कळलं. आणि त्याच तिरमिरीत कांदा-लसणाची चटणी करायला बसले.

"ही कुणासाठी?" नवऱ्यानं विचारलं.

"आपल्यासाठी. तिथलं जेवण मिळमिळीत असतंय."

"पाच दिवसांत दोन माणसं चार किलो चटणी खात्यात?"

"तुम्ही गप बसा."

चटणीच्या मागोमाग तिळाची चटणी झाली, शेंगदाण्याचे लाडू झाले, गूळ आला. बॅगा दोनाच्या चार झाल्या. मी पुन्हा कंपनीला फोन करून बॅगा वाढवल्या, त्यांनी गाडी वाढवली. नवरा आपला कपाळावर हात मारून टीव्ही बघत बसला.

विमानाचं फार सांगत नाही. नवऱ्याच्या शेजारी इचलकरंजीचे एक गृहस्थ निघाले आणि दोघांनी "पावणं, गाव कुठलं" पासनं सुरुवात करून बंगळूर येईपर्यंत चार सोयरिकी शोधून काढल्या. मी खिडकीतनं ढग बघत मनात एकच गोष्ट घोळवत होते. तो येईल? येईल. कितीही भांडला तरी बहीण गावात उतरतेय म्हटल्यावर घरात बसणारा तो नव्हे. आला तर काय बोलायचं तेही मी ठरवलं होतं. आधी थोडं गप राहायचं, मग म्हणायचं, "पोट सुटलंय की रं तुझं."

दुपारी दोनला बाहेर आलो. पाट्या घेऊन माणसं ओळीनं उभी होती. आमच्या आडनावाची पाटी दिसली, ती धरणारा पांढऱ्या शर्टातला, पन्नाशीचा, गंभीर माणूस दिसला. मी त्याच्या मागं बघितलं. डावीकडं बघितलं. खांबाच्या आड बघितलं. चहाच्या टपरीवर बघितलं. भाऊ नव्हता.

"चला," मी नवऱ्याला म्हणाले. माझा आवाज चिरकला, ते त्याला कळलं, आणि टोमणा न मारता त्यानं बॅगांची ढकलगाडी पुढं घेतली.

गाडी छान होती, मोठी, थंडगार. मी मागचं दार उघडलं, तर ड्रायव्हर अदबीनं म्हणाला, "मॅडम, आप आगे बैठिए."

"क्यों?"

"ब्रदर बोला."

"कौन ब्रदर?"

"आपका ब्रदर. चार बार फोन किया." ड्रायव्हर बोटांवर मोजून सांगायला लागला. "सिस्टर को गाडी में उलटी होता है बोला. आगे बैठाना बोला. एसी कम रखना बोला. मोड पे स्लो जाना बोला." आणि त्यानं समोरच्या कप्प्यातनं दोन लिंबं आणि एक कॅरीबॅग काढून माझ्या हातात दिली.

मला गाडी लागते हे खरं आहे. लहानपणी तर माहेरच्या बिद्रीपासनं कोल्हापूरपर्यंतसुद्धा लागायची. पण परक्या मुलखात, परक्या माणसाला, माझ्या उलट्यांची माहिती! मागच्या सीटवर नवऱ्यानं तोंडावर रुमाल धरला होता, आणि तो काही उलटी येत होती म्हणून नव्हे. मी पुढं बसले. लिंबू नाकाशी धरलं. रागानं धरलं, पण धरलं.

पाच मिनिटं झाली नसतील, गाडीतला फोन वाजला. ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि सगळ्या गाडीत भावाचा आवाज भरला.

"पोचा क्या? उलटी-बिलटी हुई क्या?"

"न्हाय झाली," मी म्हणाले.

तो म्हणाला, "आक्का?"

"व्हय. ड्रायव्हरला चार फोन करतोस, मला एक करायला हात मोडला हुता?"

"तू मला कुठं सांगितलंस येणार म्हणून?" आवाज चढला. आमच्या घरात आवाज चढायला वेळ लागत नाही. "गाडीवाल्याचा मेसेज आला मला. माझी सख्खी बहीण माझ्या गावात येती, ही खबर मला गाडीवाला देतोय!"

"मग कळल्यावर न्यायला यायचं की!"

"कशाला येऊ? भाड्याची गाडी ठरवून आलीस की तू. गाडी ठरवून आलेल्या बहिणीला कोण न्यायला जातंय? बाजूला हुबं ऱ्हाऊन बघायचं काय मी, पाटीवाला कसा नेतोय ते?"

"आणि लग्नात? भटजी तीनदा वरडला माईकवरनं, मामा या, मामा या. सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत हुती. तवा कुठली गाडी आडवी आलती तुला?"

ड्रायव्हर ताठ मानेनं समोर बघत गाडी चालवत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्यानं वेग मात्र कमी केला.

भाऊ आता अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "अक्षत दिलीस मला?"

"काय?"

"अक्षत. थोरलीच्या लग्नाची. दिलीस काय मला?"

"पत्रिका पाठवली की."

"मोबाइलवर. दूध संघातल्या लोकांना पाठवलीस तीच, त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. मी वाट बघितली, आक्का. म्हटलं दाजी येतील. न्हायतर कुणाच्या तरी हातनं चार दाणं पाठवशील. कुरियरनं पाठवली असतीस तरी डोक्याला लावून घेतली असती मी. लग्नाच्या आदल्या रात्रीपत्तूर बॅग भरून बसलतो."

मी हात पुढं करून ते बटण दाबलं आणि फोन बंद केला. कुठलं बटण ते मला माहीत नव्हतं, पण बरोबर लागलं. मग हॉटेल येईपर्यंत मी लिंबू हुंगत राहिले.

आमच्याकडं लग्नाचं बोलावणं तोंडी नसतं आणि कागदावरही नसतं. कुंकवात रंगवलेले तांदूळ घेऊन दारात जायचं, ते हातावर ठेवायचे, मग बोलवायचं. पहिली अक्षत ग्रामदैवताला, दुसरी मुलीच्या मामाला, मग बाकीच्या जगाला. हे मला काय माहीत नव्हतं? थोरलीच्या लग्नात मी आणि नवरा महिनाभर उन्हातान्हात फिरलो. कुरुंदवाडची सगळी गल्ली केली. टँकरच्या ठेकेदारांच्या घरी गेलो, एका ठेकेदाराचं तर मी वर्षभर तोंड बघितलं नव्हतं, त्याच्याही हातावर अक्षत ठेवून आले. आणि भावाचं नाव यादीत आलं तेव्हा मी म्हणाले होते, "तो घरचाच हाय. त्याला कसलं आमंत्रण? आणि केरळात कोण जाणार?" मला शब्द न् शब्द आठवला. हॉटेलच्या खोलीत मी पलंगाच्या कडेला बसले होते, समोर काचेपलीकडं सगळा समुद्र होता, आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता.

"तुम्हाला तवा सुचलं न्हाय व्हय?" मी नवऱ्यावर उसळले. "तुम्ही तरी सांगायचं!"

"न्हाय सुचलं," तो म्हणाला. "आपलं दोघांचं बी चुकलं. पण तो बी येडाच. तीन वर्षं गप बसला."

संध्याकाळी त्यानं पँट दुमडली आणि लाटांत जाऊन उभा राहिला. लाट आली की मागं पळायचा, गेली की पुढं जायचा, साठीचा माणूस. मला हाका मारत होता. मी वाळूत बसून राहिले. मला लाज वाटत होती. तीन वर्षं मी दारोदार सांगत फिरले की माझ्या भावानं माझं नाक कापलं. जो भेटेल त्याला सांगितलं. भाजीवालीलासुद्धा सांगितलं. आणि तो तिकडं बॅग भरून बसला होता.

सकाळी उठले, अंघोळ केली आणि नाश्त्याच्या हॉलमध्ये जाऊन वेटरला म्हणाले, "थोडा चावल चाहिए."

त्यानं वाडगाभर भात आणला, वर सांबार.

"ये नहीं. कच्चा."

त्यानं भात परत नेला आणि कमी शिजवलेला भात आणला. मग मी उठून सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेले. पांढरी टोपी घातलेला आचारी बाहेर आला. त्याला हातवारे करून सांगितलं, पोत्यातला, न शिजवलेला, मूठभर. कशाला, त्यानं विचारलं. "शादी," मी म्हणाले. "किसका?" "बाद में बताती." त्यानं मूठभर तांदूळ बशीत आणून दिले. तिकडचे ते जाडेभरडे, तांबूस तांदूळ. आमच्याकडच्या पाखडणाऱ्या बायकांनी नाक मुरडलं असतं. मी पर्समधलं कुंकू काढलं, नाश्त्याच्या टेबलावरचं थोडं तूप घेतलं आणि बशीतच अक्षता रंगवल्या. शेजारच्या टेबलावरचं गोरं जोडपं घास हातात धरून बघत होतं. त्यांना वाटलं असेल हा इथला नाश्त्याचाच प्रकार. त्यातल्या बाईनं वेटरला बोटानं माझी बशी दाखवली, हे मी सोताच्या डोळ्यांनी बघितलं.

अक्षता कागदी रुमालात बांधल्या आणि त्याच ड्रायव्हरला फोन लावला. "गाडी लाओ. लेकिन भाऊ का पत्ता हमको मालूम नहीं है."

"मुझे मालूम है, मॅडम," तो म्हणाला. "ब्रदर ने कल ही भेजा. बोला, सिस्टर माँगेगी तो ही देना. नहीं माँगेगी तो मत देना."

मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "एकाच आईची लेकरं, दुसरं काय." आणि चटणीच्या दोन्ही बॅगा उचलून गाडीत ठेवल्या. मी एवढीच विनवणी केली की गाडीत हसायचं नाही.

सराफ बाजारातली अरुंद गल्ली होती. खाली भावाचं दुकान, भट्टी, वजनकाटा, आणि वर घर. जिना उभा. वर गेले तर दार उघडंच होतं. भावजयीनं मला बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अवो, वन्सं आल्यात!" ती आत बघून ओरडली. भाऊ बाहेर आला. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, ॲसिडनं बोटं पिवळी पडलेली. पोटही सुटलं होतं, पण ठरवलेलं ते वाक्य काही माझ्या तोंडात आलं नाही.

"आत ये की, आक्का," तो म्हणाला.

"आधी हिकडं ये. दारात."

"दारात कशाला?"

"ये म्हटलं न्हवं?"

तो उंबऱ्याशी आला. मी कागदी रुमाल सोडला. "हात पुढं कर." त्यानं उजवा हात पुढं केला, त्याच्याखाली डावा लावला, लहानपणी प्रसादाला लावायचा तसा. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर अक्षता ठेवल्या. दोन-चार दाणे खाली जिन्यावर सांडले. नवरा मागं टोपी काढून उभा राहिला होता.

"सहकुटुंब, सहपरिवार यायचं," मी म्हणाले. "चार दिवस आधी यायचं. मी चुकले रं. मामाला सोडून सगळ्या गावाला अक्षत दिली मी."

भाऊ हातातल्या तांदळांकडं बघत होता. मग चष्मा वर करून मनगटानं डोळे पुसले आणि विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

"धाकट्याचं."

"कवा?"

"अजून ठरलं न्हाय."

"पोरगी कुठली?"

"अजून बघितली न्हाय. तो तर करतच न्हाय म्हणतोय. पण करंल तवा करंल. पहिली अक्षत तुला दिली. देवाच्या बी आधी."

त्यानं मूठ मिटली. तशीच छातीशी धरली. आणि आत ओरडला, "अगं ए, बॅग काढ माळ्यावरची!"

"अवो, काय तरीच काय!" भावजय पदरानं डोळे पुसत म्हणाली. "अजून पोरगी बघायची हाय म्हणत्यात त्या."

"मग?" भाऊ म्हणाला. "पोरगी बघायला मामा लागत न्हाय व्हय?"